सरांचा अंगठा

आमच्या म्हसरूळच्या नव्या घराची वास्तुशांत होती आणि संध्याकाळी सत्यनारायण. कथा चौथ्या अध्यायात आली होती, साधुवाण्याच्या नौकेवर संकट यायच्या बेतात होतं, आणि मागच्या सतरंजीवरून सर उठले. सरळ चौरंगापाशी गेले, कोपऱ्याला बांधलेल्या केळीच्या खुंटाचं एक पान हातात घेतलं, उलटं केलं आणि डाव्या अंगठ्याने त्याच्या पोटावरून हलकेच चोळलं. गुरुजी थांबले. "करपा आहे," सर म्हणाले, "कुठून आणली?" वडिलांनी पंचवटीतून म्हणून सांगितलं. सरांनी मान हलवली, गुरुजींना तुमचं चालू द्या म्हणाले आणि जागेवर येऊन बसले. तेव्हापासून आमच्या घरात त्यांचं नाव 'पानवाले सर'. वडिलांनी त्यानंतर पूजेला केळीचे खुंट आणले की आधी पानं उलटून बघायची सवयच लावून घेतली.

सर वनस्पतिरोगाचे प्राध्यापक. विद्यापीठाच्या नाशिकच्या आवारात आमचा एक संशोधन गट होता, त्याचे ते प्रमुख. गटाचं नाव इतकं लांब, की दारावरच्या पाटीत मावलं नव्हतं. शेवटचे शब्द खाली बारीक अक्षरांत दाटीवाटीने बसवले होते. आम्ही सोयीसाठी दोनच जाती पाडल्या होत्या : पानवाले आणि कॉम्प्युटरवाले. मी कॉम्प्युटरवाला. काम असं होतं, की शेतकऱ्याने द्राक्षाच्या पानाचा फोनवर फोटो काढायचा आणि पानावर डाऊनी आहे की पान निरोगी आहे, हे फोनने सांगायचं. डाऊनी म्हणजे पुस्तकातला केवडा. वरून पानावर तेलाचा थेंब पडल्यासारखा पिवळट डाग, आणि खालून पांढरी बुरशी. ओल्या हवेत दोन-चार दिवस दुर्लक्ष झालं तर घड हातचे जातात, म्हणून आमच्याकडे डाऊनीचं नाव काढलं की बागाईतदार बोलणं थांबवून ऐकतो.

सरांना माणसांची नावं लक्षात राहत नसत. बुरशीची लॅटिन नावं मात्र आडनावासकट पाठ. माणसांना ते गावाने हाक मारत. मी 'म्हसरूळ'. शिपाई 'पेठ'. कुलगुरू आले तेव्हा त्यांनाही ते एकदा "अहो सांगली" म्हणाले, पण कुलगुरू खरोखर सांगलीचे असल्यामुळे त्यांना ते आवडलं असावं. सगळ्यांना अहो-जाहो. पहिल्या वर्षाच्या पोरांनाही.

पान दिसलं की उलटायचं, ही त्यांची जन्माची खोड. नाशिकरोडचा टपरीवाला सर लांबून दिसले की विड्याच्या पानांच्या टोपलीवर ओलं फडकं टाकायचा. त्यांच्या घरच्या फ्रिजमध्ये कोथिंबिरीच्या डब्याशेजारी ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली रोगट पानं असत. एकदा पाहुणे यायचे होते आणि फ्रिजमध्ये अळूची पानं सापडली, तेव्हा ती खायची की नोकरीची, हे विचारायला सरांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, प्रयोगशाळेत फोन केला होता. नोकरीची होती. पाहुण्यांना भजी मिळाली.

त्यांची दोन-तीन वाक्यं आम्ही त्यांच्या पाठीमागे त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवत असू. "पान उलटल्याशिवाय मत देऊ नये." आणि, "निरोगी म्हणजे अजून नीट न बघितलेलं." आमच्या संगणकातल्या प्रणालीला ते 'तुमचा विद्यार्थी' म्हणायचे. तुमचा विद्यार्थी आज काय म्हणतोय, असं विचारत सकाळी आत यायचे. आम्ही हौसेने आकडे सांगायचो. ते म्हणायचे, पाठांतर चांगलंय, पण शिकलाय का?

आमचं आणि त्यांचं खरं भांडण एकाच गोष्टीवरून होतं. त्यांना तिसरा कप्पा हवा होता : 'माहीत नाही'. फोनने डाऊनी म्हणावं, निरोगी म्हणावं, आणि कळलं नाही तर सरळ माहीत नाही म्हणावं. आम्ही समजावायचो की त्याने आकडे खाली येतात, लेख छापून येत नाहीत, आणि माहीत नाही म्हणणारा फोन घेईल कोण. ते ऐकून घेत आणि दुसऱ्या दिवशी तेच परत मागत. ते निवृत्त होईपर्यंत आम्ही तो कप्पा केला नाही.

या सगळ्यात नामपूर होती. म्हणजे नामपूरची मुलगी, सरांची शेवटची पीएच.डी.ची विद्यार्थिनी. वडिलांचा कांद्याचा व्यापार, घरात शिकलेली ती पहिलीच. पानवाल्यांतली असून कॉम्प्युटर आमच्यापेक्षा भराभर शिकली, म्हणून दोन्ही जातींत तिची ऊठबस होती. तिचा सगळा प्रबंध या फोनच्या प्रणालीवर होता. शिष्यवृत्ती संपलेली, सर मे महिन्यात निवृत्त व्हायचे, आणि कळवणच्या एका महाविद्यालयाने तिला शब्द दिला होता : जूनच्या आत प्रबंध दाखल झाला तर जागा तुझी. घरचे लग्नाचं बघत होते, पण कळवणची नोकरी लागली तर वडील गप्प बसायला कबूल होते. हे सगळं आम्हाला माहीत होतं, कारण डबा खाताना ती दुसरं काही बोलतच नसे.

आता अंगठ्याचं सांगतो. सरांचा डावा अंगठा रुंद, नख मधोमध चिरलेलं, आणि नखाच्या कडा कायम निळ्या. सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी बघताना जो निळा रंग वापरतात, तो वर्षानुवर्षं मुरलेला. डाऊनी खालच्या बाजूने दिसतो, त्यामुळे रोगट पानाचा फोटो काढायचा तर पान उलटं धरायला हवं, आणि रोगट पान सर दुसऱ्या कोणाला धरू देत नसत. तुम्ही चोळून टाकाल, म्हणायचे. तीन हंगाम ते पहाटे बागेत जाऊन पानं धरत राहिले आणि नामपूर फोटो काढत राहिली. निरोगी पान उलटण्याची कोणाला गरज वाटली नाही. ती आम्ही सगळ्यांनी मिळून वेलीवरच, जाता जाता टिपली. हा फरक कोणाच्याही लक्षात आला नाही, आणि प्रणालीची परीक्षाही आम्ही त्याच ढिगातल्या फोटोंवर घेत होतो, त्यामुळे ती दर वेळी पहिल्या वर्गात पास होत होती.

डिसेंबरात दिंडोरीच्या पुढच्या एका गावात प्रात्यक्षिक ठेवलं. आबा म्हणून तिथले जुने बागाईतदार, त्यांच्या पॅकिंग शेडमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या, शेड भरलं होतं. सकाळी नामपूरने फोन वेलीवरच्या पानांवर धरला, निरोगी आलं. सरांनी रोगट पान धरलं, डाऊनी आलं. टाळ्या झाल्या. जेवणानंतर सगळ्यांच्या फोनवर ते ॲप टाकून द्यायचं होतं.

जेवण झालं. आबांच्या सुनेने विड्याचं तबक आणलं. सरांनी अर्थातच एक पान उचलून उलटं केलं. नामपूर खुशीत होती, तिने गमतीने फोन पुढे धरला. फोन म्हणाला, डाऊनी. आम्ही हसलो. सर हसले नाहीत. परत, म्हणाले. दुसरं पान. डाऊनी. मग त्यांनी कढीचा रिकामा द्रोण धरला. डाऊनी. मग चष्म्याचं घर. शेवटी हातात काहीच न घेता नुसता अंगठा समोर धरला. फोनने तितक्याच ठामपणे सांगितलं, डाऊनी.

मी तेच विड्याचं पान टेबलावर ठेवून फोटो काढला. निरोगी.

त्यानंतर आम्ही तिघे कोणाला न सांगता शेडच्या मागे बागेत गेलो. सरांनी मांडवाखाली वाकून एक पान शोधलं. वरून तेलकट डाग, खाली पांढरी बुरशी, ओळखायला पुस्तक नको. त्यांनी ते तोडलं नाही, हातही लावला नाही. बाजूला सरून नामपूरला म्हणाले, काढा. तिने काढला. निरोगी. तिने खाली वाकून उलट्या बाजूनेही काढून पाहिला. निरोगी.

 मग अगदी हळू म्हणाली, "सर, आजचा दिवस जाऊ द्या. मी सगळं परत करीन, शप्पथ. पण आत्ता बोलू नका."

"अहो नामपूर," सर म्हणाले, "आबा आज ह्याचं ऐकून फवारणी थांबवतील."

"सर, माझं कळवण."

 सरांचा चेहरा मी पाहिला. त्यांना ते कळत होतं, आणि चांगलंच कळत होतं. मग ते शेडकडे चालायला लागले. मला त्या क्षणी त्यांचा राग आला होता. एक दिवस थांबले असते तर जग बुडत नव्हतं, असं मला वाटलं. पण तसं म्हणणं मला सोपं होतं, बाग आबांची होती.

माईक घेऊन सरांनी दोनच वाक्यं सांगितली. "हे यंत्र तुमच्या बागेतला रोग ओळखत नाही. ते माझा अंगठा ओळखतं." मग त्यांनी अंगठा वर करून दाखवला आणि पुढच्या रांगेतल्या एकाला फोनवर करूनही दाखवलं. शेडमध्ये मागून कोणीतरी हसलं. आबा म्हणाले, "मंग सर, अंगठा हितंच ठिवून जा. लय कामाचा हाय." सगळे हसले. सरही थोडे हसले. नामपूर शेडमध्ये आलीच नाही.

परतताना जीपमध्ये ती मागच्या सीटवर आईशी फोनवर अहिराणीत बोलत होती. "आमना सर येडा शे, माय," म्हणजे आमचा सर वेडा आहे, एवढं वाक्य मला स्पष्ट कळलं. पुढच्या सीटवर बसलेल्या सरांनाही कळलं असणार, कारण त्यांची सासुरवाडी सटाण्याची.  नाशिक येईपर्यंत रस्त्याकडेच्या कुठल्याही बागेबद्दल ते काही बोलले नाहीत.

ती नामपूरला निघून गेली. कळवणची जागा दुसऱ्याला मिळाली. मे महिन्यात सर निवृत्त झाले. निरोपसमारंभात शाल, नारळ आणि एक कुंडी दिली. सत्काराचं भाषण चालू असताना त्यांनी कुंडीतल्या झाडाचं पान उलटलं, त्यावर लाल कोळ्याची कीड होती. भाषणं संपल्यावर एवढंच विचारलं, नामपूर आल्या नाहीत का? मी म्हटलं, नाही. गटाला नवे प्रमुख आले, त्यांनी विषय बदलला. सरांच्या खोलीची किल्ली कार्यालयात जमा झाली.

ऑक्टोबरच्या छाटणीनंतर बागा नव्याने फुटल्या, आणि एका सकाळी आमच्या गटाच्या व्हॉट्सअॅपवर सरांचा फोटो आला. त्यांच्या डाव्या हातात उलटं धरलेलं द्राक्षाचं पान. स्वच्छ, हिरवं. खाली एक शब्द : निरोगी. मग दुसरा फोटो. मग पंधरा-वीस. दुसऱ्या दिवशी पुन्हा. कोणी काही उत्तर देईना. एक-दोघे गटातून बाहेर पडले. काकूंकडून कळलं, की सर पहाटे स्कूटर काढून दिंडोरीकडे जातात आणि उन्हं वर आली की परत येतात. या वयात धुक्यात स्कूटर, त्यांना जरा समजवा, असं त्या मला म्हणाल्या. मी समजवायला म्हणून एका रविवारी त्यांच्या मागे बसून गेलो.

आबांच्या बागेत ते एकेक निरोगी पान धरायचे, उलटायचे, उजव्या हाताने फोटो काढायचे आणि पुढच्या वेलीकडे जायचे. मी काय चाललंय म्हणून विचारलं. ते म्हणाले, "रोगी पानांबरोबर माझा हात आहे. निरोगी पानांबरोबरही तितकाच पाहिजे. मग तुमचा विद्यार्थी हाताकडे बघणं सोडून देईल." मी कॉम्प्युटरवाला, मला पटलं, इलाज बरोबर होता. रोगाचे फोटो आपण हाताशिवाय नव्याने काढू, तेही करू, पण जुने फेकायचे नाहीत, ते त्या मुलीचे तीन हंगाम आहेत, असं ते म्हणाले. एवढ्या एका वाक्यापलीकडे त्यांनी तिचा विषय काढला नाही.

आबा चहा घेऊन आले. सरांच्या हातातल्या पानाकडे बघून म्हणाले, "ह्याला काय झालं?"

"काही झालेलं नाही."

"मंग फोटू कशापायी?"

"काही झालेलं नाही, म्हणूनच."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी कप हातात घेतला.

चहा पिता पिता सरांनी एक गोष्ट सांगितली. स्वतःबद्दल त्यांनी सांगितलेली ही एकच. त्यांचे वडील एकलहऱ्याच्या कोळशावरच्या वीजकेंद्रात नोकरीला होते, कॉलनीत घर होतं. दारात पेरूचं झाड. पानांवर कायम काळपट धूळ बसलेली, म्हणून लहानपणी त्यांना वाटायचं की झाड आजारी आहे आणि मरणार आहे. एकदा रडत आईला सांगितलं. आईने पान उलटून दाखवलं, खालून हिरवंगार. ती म्हणाली, बघ, बरंय ते. "तेव्हापासून उलटतोय," सर म्हणाले. "पुढे नोकरीत फक्त रोग शोधायला उलटलं. ह्या बाजूने बघायचं राहूनच गेलं होतं." मग कप ठेवून ते पुढच्या वेलीकडे गेले. मी त्यांना समजवायचं विसरलो.

फोटो येतच राहिले. दिवाळीच्या आसपास एका सकाळी, आम्ही कोणीच अपेक्षा केली नव्हती तेव्हा, त्या फोटोंखाली नामपूरचा निरोप आला. दहा महिन्यांत पहिला. नमस्कार नाही, कसे आहात नाही. 'सर, नख निळं नाही. असं चालणार नाही.'

मी फोटो मोठा करून पाहिला. बरोबर होतं. निवृत्त झाल्यापासून सरांचा प्रयोगशाळेशी संबंध सुटला होता, नख वाढून निळा रंग निघून गेला होता. जुन्या रोगट पानांशेजारी निळं नख, नव्या निरोगी पानांशेजारी साधं. विद्यार्थी आता अंगठ्याऐवजी नखाचा रंग पाठ करणार. आम्ही एवढे सगळे ते फोटो बघत होतो, तिला नामपूरला बसून दिसलं. म्हणजे इतके दिवस ती प्रत्येक फोटो उघडून बघत होती.

सरांचं उत्तर आलं : 'बरं.'

दुपारी त्यांचा मला फोन. म्हसरूळ, तो निळा रंग थोडा आणून द्याल का. मी छोट्या बाटलीत नेऊन दिला. दुसऱ्या दिवसापासून सर पहाटे निघण्याआधी आरशासमोर बसून काडीने डाव्या अंगठ्याच्या नखाला रंग लावू लागले. काकू म्हणाल्या, चाळीस वर्षांच्या संसारात मी कधी नखं रंगवली नाहीत, आता हे रंगवतात. शेजारी विचारायला लागले म्हणून त्या सांगायच्या, डॉक्टरांनी औषध दिलंय.

त्याच आठवड्यात नामपूर आली. सरांना नमस्कार केला, तोही लांबून. सकाळी दोघं बागेत जात. ते धरत, ती काढत. कामापुरतं बोलत. वर धरा, फिरून उभे राहा, उजेड मागून येतोय. सर मुकाट ऐकत. दोघांमध्ये कोण मार्गदर्शक आणि कोण विद्यार्थी, हे बघणाऱ्याला सांगता आलं नसतं. कागदावर तिला दुसरे मार्गदर्शक मिळाले होते, ते सही करण्यापुरते होते. पुढे तिचा प्रबंध झाला, आता ती सटाण्याकडच्या एका महाविद्यालयात शिकवते. कळवण हुकलं ते हुकलंच. त्यांना तिने माफ केलं का, हे मी कधी विचारलं नाही, आणि सरांनीही तिची माफी मागितल्याचं मला माहीत नाही. आता निळ्या अंगठ्याचे ते हजारो फोटो आमच्या संग्रहात आहेत. नवी मुलं विचारतात, हे कोण? मी सांगतो, एक पानवाले सर होते.

मला मात्र आबांच्या बागेतली शेवटची सकाळ आठवते. नवी प्रणाली तयार झाली होती. आणि या वेळी नामपूरने आम्हा कॉम्प्युटरवाल्यांना न विचारता तिसरा कप्पा केला होता. आबांनी स्वतःच्या फोनने वेलीवरच्या पानाचा फोटो काढला, हात न लावता. डाऊनी. खरंच होता. शेजारचं पान, निरोगी. तेही खरं. मग आबांच्या सुनेने आठवणीने विड्याचं पान आणून दिलं. सरांनी ते उलटं धरलं. फोन म्हणाला, माहीत नाही.

सरांनी पान तबकात ठेवलं आणि रिकामा अंगठा समोर धरला. नामपूरने फोन धरला. 

माहीत नाही.

सरांनी फोन तिच्या हातातून घेतला, चष्मा वर करून डोळ्यांजवळ नेला, परत वाचलं. आयुष्यात त्यांना इतकं खूश मी दुसऱ्यांदा पाहिलं नाही. "अहो नामपूर," ते म्हणाले, "बघा, आता हा मला ओळखत नाही."

 नामपूरने पर्समधून रुमाल काढला, बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं आणि म्हणाली, "पुसा आता ते नख, सर. झालं काम."

सरांनी अंगठा पुढे केला, तेव्हा तीच पुसू लागली. तो रंग नुसत्या पाण्याने निघत नाही, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. तरी ती घासत राहिली, आणि सर हात पुढे धरून मुकाट उभे राहिले.